मागची जाजमं

टेम्पो हेलकावे खात उतारावरून खाली आला, तेव्हा गौतमी वाटेतच उभी होती. तिनं दोन झोके आणि एक फुगवायची होडी मागवली होती. टेम्पोचा फाळका उघडला आणि आतून निघाली जाजमं. लाल-निळ्या पट्ट्यांची, जाड, मंडपवाल्यांकडे असतात तशी. एक उतरवलं की मागं दुसरं.

"बाबा, हे काय आहे?"

"जाजमं."

"ते दिसतंय मला. होडी कुठंय?"

"होडी पुढच्या खेपेला," मुकुंदा म्हणाला आणि एक गुंडाळी खांद्यावर टाकून माळाकडे चालू लागला. जाता जाता म्हणाला, "होडीत बसलेली माणसं लांब जातात. जाजमावरची जवळ राहतात."

गौतमीनं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तुला मी याच्यासाठीच बोलावलंय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मुकुंदा माझा धाकटा भाऊ, गौतमी त्याची एकुलती एक लेक. सावरघळच्या धरणाकाठी त्यांनी तंबूंचा मुक्काम सुरू केला होता. शहरातली माणसं शनिवार-रविवार येणार, तंबूत झोपणार, सकाळी पाण्यावरचं धुकं बघून परत जाणार. त्या काठाला तेव्हा अशा जागा पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या उगवल्या होत्या. आमचीच तेवढी रिकामी राहायची. समोरच्या काठावर दिवे लखलखायचे, गाणी वाजायची, आणि आमच्याकडे दोन-चार तंबूंत कुणीतरी चुकून आल्यासारखं बसलेलं असायचं.

जमीन यमुनेच्या माहेरची. यमुना म्हणजे मुकुंदाची बायको, ह.भ.प. यमुनाबाई टेंभेकर. नऊवारी नेसून, चिपळ्या घेऊन ती उभी राहिली की गावाची कुत्रीसुद्धा गप्प बसत. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. थोरामोठ्यांची कीर्तनं ऐकली, पण भावजयीच्या कीर्तनाला मी जशी पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे तशी दुसरीकडे कुठं बसले नाही. मुकुंदा तिच्या साथीला पेटीवर. नवरा-बायको घरात कमी बोलायची, तिथं मनसोक्त बोलायची.

त्याच्या दोन वर्षं आधी याच माळावर, माहेरच्या रामनवमीच्या उत्सवात, तिनं पूर्वरंग केला. नामाचा महिमा सांगितला; आख्यान उत्तररंगात, मध्यंतरानंतर. मध्यंतर झालं, गजर सुरू झाला, बुक्का लागला, हार पडला. ती माळावरच्या सपाट खडकावर टेकली, डोळे मिटले. मंडपातल्या सगळ्यांना वाटलं, नामात रंगलीय. म्हणून लोक गजर म्हणतच राहिले. बराच वेळ म्हणत राहिले. मुकुंदा तिच्यासाठी सूर धरून होता. शेवटी कुणीतरी येऊन त्याचा हात पेटीवरून उचलला.

गावानं पुढच्या वर्षापासून उत्सव शाळेच्या पटांगणात नेला. मुकुंदा मात्र वाईचं घर बंद करून या माळावर राहायला आला. तंबूंची कल्पना गौतमीची. नोकरी सोडून ती बापाजवळ राहिली होती आणि हा धंदा चालला तरच तिला इथं राहता येणार होतं.

दुपारी आम्ही तिघं चहाला बसलो. गौतमीनं समोरच्या काठावरच्या जागा फोनवर दाखवल्या.

"हे बघ, यांच्याकडे पाण्याच्या फवाऱ्यात नाच आहे. यांच्याकडे पडदा लावून क्रिकेट दाखवतात. आणि हे पंख बघ, भिंतीवर काढलेत. लोक मध्ये उभे राहून फोटो काढतात."

"माणसाला पंख कशाला?"

"आत्या, फोटो. लोक फोटो बघून येतात."

"आणि टिकतात कशानं?"

"म्हणजे?"

मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर सप्ताह मांडलेत. श्रोता देवासाठी येतो असं कीर्तनकारानं समजावं, मांडव घालणाऱ्यानं समजू नये. त्याला टेकायला कोरडी जागा लागते. प्यायला पाणी. बायकांना आडोसा, त्याला आतून कडी. वाटेवर दिवा. आणि शेवटी गरम जेवण. यातलं एक चुकलं की दुसऱ्या दिवशी मंडप अर्धा."

गौतमी हसली. "मग आपला मंडप रोजच अर्धा आहे. आडोशाला कडी नाहीये."

"मग होडीआधी कडी घे."

मुकुंदा इतका वेळ बशीतून चहा पीत होता. तो म्हणाला, "अक्का म्हणते ते बरोबर. गरम पाण्याचा बंब घे. कमोड घे. तुझे ते पंखसुद्धा काढ."

"पंख चालतील तुम्हाला?"

"माणसं येत असतील तर काहीही चालेल. माळ भरला पाहिजे." मग बशी खाली ठेवून म्हणाला, "फक्त दिवेलागणीला इथं गाणी वाजायची नाहीत. शेकोटी त्यानंतर. आणि माळावर चपला न्यायच्या नाहीत. चपलांना मी कडेला मांडणी करतोय."

"बाबा, लोक कॅम्पिंगला येणार आणि चपला काढून ठेवणार?"

"ठेवतील. गवत मऊ आहे."

पुढचे काही दिवस मी हेच बघत होते. गौतमीला माणसं हवी होती आणि मुकुंदालाही हवी होती, तिच्याहून जास्त. बंब आला, कड्या बसल्या, पायवाटेला दिवे लागले. माझ्या सांगण्यावरून जेवणात पिठलं-भाकरी आली, वर लोणकढं तूप. गौतमीनं सकाळच्या धुक्याचे असे फोटो काढले की मलाच ती जागा ओळखू येईना. फोन वाजायला लागले.

पण मुकुंदाचं स्वतःचं जे काही चाललं होतं ते मला उलगडत नव्हतं. त्यानं सगळ्या तंबूंची तोंडं फिरवली. पाण्याकडे होती ती सपाट खडकाकडे केली. माळावर जाजमं अंथरली, तीही मधे हातभर वाट सोडून दोन्ही अंगांना. रोज सकाळी खडक झाडायचा, पाणी शिंपडायचा. त्यावर कुणाला बसू देत नसे. झोका बांधायला आलेल्या माणसानं तिथं हत्यारं ठेवली, तर मुकुंदानं ती उचलून खाली ठेवली.

आणि दिवेलागणीला तो पेटी घेऊन खडकाच्या डाव्या अंगाला, जरा मागं, बसायचा. एकच सूर धरायचा. वाजवायचा काहीच नाही. अंधारून आलं की भाता मिटायचा, उठायचा आणि पाण्यात जाऊन उभा राहायचा.

"रोज?" मी गौतमीला विचारलं. आम्ही दोघी स्वयंपाकाच्या छपरीतून बघत होतो.

"रोज. विचारलं की म्हणतात, पाय मोकळे करतो." ती भाकरी थापायची थांबली होती. "दिवाळीत काठावर उभे राहायचे. मग घोट्यापर्यंत. आता बघ."

पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. धोतराचा सोगा पाण्यावर तरंगत होता.

"मी हाक मारली की येतात परत," गौतमी म्हणाली. "लगेच येतात. पण मी हाक मारायची विसरले तर काय, म्हणून मी कुठं जातच नाही, आत्या."

तिनं हाक मारली. तो वळला आणि शहाण्यासारखा परत आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळाच्या कडेला दोन माठ आणून ठेवले. मी तहान लागली म्हणून ओंजळ भरून घेतली. पाणी कोमट होतं. सुंठ आणि खडीसाखर घातलेलं. मी ते तोंडात तसंच धरून उभी राहिले. हे पाणी मी शेकडो वेळा तांब्यात भरून मध्यंतरात कुणाच्या हातात दिलं होतं ते माझ्या हातांना आठवलं.

मग सगळंच दिसलं. मधली वाट उशिरा येणाऱ्यांसाठी. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष. चपला बाहेर. आणि खडकाच्या डाव्या बाजूला, जरा मागं, पेटीवाल्याची जागा.

मी माळावर गेले. तो शेवटच्या जाजमाच्या सुरकुत्या काढत होता.

"मुकुंदा, तू कीर्तनाचा मंडप मांडतोयस."

"हो," तो म्हणाला, जसं मी त्याला आज वार कुठला ते विचारलं होतं. "तुला इतका वेळ लागला? मला वाटलं, पहिल्याच दिवशी कळेल."

"कुणाचं कीर्तन?"

"अक्का, मध्यंतर चाललंय अजून." तो जाजमावर बसला आणि मलाही बसायची खूण केली. "तुला तिची सवय ठाऊक आहे. मागची जाजमं भरल्याशिवाय ती उत्तररंग लावायची नाही. लोक शेतातून येऊ देत, गाईगुरं बांधून येऊ देत, म्हणायची. कितीदा आपण तासभर गजर म्हटलाय तिच्यापायी. त्या दिवशी मागची दोन्ही जाजमं रिकामी होती. ती थांबलीय."

"मुकुंदा."

"संध्याकाळी मला ऐकू येतं. ती घसा साफ करते, चिपळ्या हातात घेते. मी सूर देतो. मग ती बघते, समोर कोण आहे? कोणीच नाही. पुन्हा बसते." तो हसला. "आख्यान कुठलं लावणार तेवढं मला ऐकायचंय. संसार केला तिच्याबरोबर, पण पहिलं पद सुटेपर्यंत मला कधी सांगितलं नाही. म्हणायची, तुम्हाला आधी कळलं तर तुमची पेटी माझ्यापुढं धावते."

पाण्यावरून वारा आला आणि जाजमाचं टोक उलटलं. त्यानं ते हातानं दाबून धरलं.

"आणि उत्तररंग झाल्यावर?" मी विचारलं.

"झाल्यावर काय? कीर्तन संपलं की कीर्तनकाराबरोबर साथीदारानं घरी जायचं असतं. मागं थांबून काय करू?" त्यानं पाण्याकडे पाहिलं नाही, पण मला पाहिल्यासारखं वाटलं. "गौतमीला आता सगळं येतं. पाण्याचा पंप लावता येतो, स्वयंपाकाचा भटारीही आता आपला झालाय. तू आहेस. शनिवारी माळ भरतोय, तिनं सांगितलं ना तुला?"

मी तशीच उठून छपरीत गेले. गौतमी फोनवर होती आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"शनिवारचं कुणाला तरी नाही म्हण," मी म्हटलं. "निम्मे तंबू रिकामे ठेव."

"आत्या, वेडी का? पहिल्यांदा भरलंय. कंपनीतली मुलं येतायत, नाशिकचं कुटुंब येतंय. कुणी कुणी तर जमिनीवर झोपू म्हणालेत."

मग मी तिला सांगितलं. जे त्यानं सांगितलं ते सगळं. ती फोन मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"रद्द केलं तर?" शेवटी तिनं विचारलं.

"तर तो पुढच्या शनिवारची वाट बघेल. आणि रोज थोडा आत जाईल."

"आणि नाही केलं तर?"

मी हरिकथेच्या आडवी आयुष्यात गेले नव्हते. पण त्या रात्री देवापुढं बसले तेव्हा मी रामरायाला जे म्हटलं ते कुणा भक्तानं म्हणू नये असं होतं. म्हटलं, तुझं आख्यान अर्धंच राहू दे, पण माझा भाऊ ठेव.

शनिवारी दुपारपासून गाड्या उतरायला लागल्या. कंपनीतली मुलं-मुली आल्या आल्या झोक्यावर चढली. नाशिकचे कुलथे म्हणून एक गृहस्थ बायको, मुलगा आणि सून घेऊन आले. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी आधी कमोड पाहिला, मग बंबात हात घालून पाणी पाहिलं, मग उशी दाबून पाहिली आणि मला म्हणाले, "बरंय. समोरच्या काठावर गेल्या वर्षी उशी म्हणून वीट दिली होती."

मुकुंदानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, वर सदरा, डोक्याला टोपी. तो प्रत्येक तंबूपाशी जाऊन हात जोडून सांगत होता, "सूर्य कलला की माळावर या. चहा तिथंच आहे. थोडी पेटी वाजवतो." त्याच्या सांगण्यात असं काही होतं की ती मुलं चपला काढून आली. कुलथ्यांनी मागं खुर्ची मिळेल का विचारलं. मुकुंदानं स्वतः खुर्ची नेऊन शेवटच्या जाजमावर मांडली.

दोन्ही अंगांची जाजमं भरली. अगदी मागची सुद्धा.

पाणी तांबूस झालं होतं. समोरच्या काठावर गाणी अजून लागली नव्हती. मुकुंदानं माझ्या हातात शेवंतीचा हार दिला. "मध्यंतरातला हार तुझाच असायचा."

"कुणाला घालू?"

"ठेव तिथं."

मी हार खडकावर ठेवला. बुक्क्याची वाटी घेऊन रांगांतून फिरले. ती मुलं कपाळ पुढं करायची. एकीनं विचारलं, "आजी, हे काय असतं?" मी म्हटलं, "बुक्का. वास घे." मागं कुलथ्यांना लावला. मग येऊन मागच्याच बाजूला, कुलथ्यांच्या पुढं, गौतमीजवळ बसले. मला तिथून मुकुंदा आणि पाणी दोन्ही दिसत होतं. गौतमीनं माझा हात धरला.

मुकुंदानं सूर धरला. गजर सुरू केला तेव्हा काही जणांनी टाळ्या धरल्या, काही नुसते ओठ हलवत राहिले. गजर थांबला. सूर तेवढा राहिला.

कुणी हललं नाही. तो मान खाली घालून बसला होता, एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. माझ्या मनात आलं, काही होणार नाही. काही होऊ नये.

आणि त्याची बोटं हलली.

साथीदार स्वतः वाजवतो तेव्हाचं वाजवणं वेगळं आणि कुणाच्या मागं जातो तेव्हाचं वेगळं. जन्मभर ऐकणाऱ्याला ते कळतं. तो मागं जात होता. पदाची एक ओळ घ्यायचा, थांबायचा, नुसता सूर धरून बसायचा, जसं कुणी मध्ये बोलतंय आणि त्याला वाट द्यायचीय. मग पुन्हा ओळ उचलायचा, अर्ध्यातून, अगदी तिथंच जिथं ती उचलायची.

चाल मला ठाऊक होती. यमुनेनं स्वतः बांधलेलं पद. प्रत्येक आख्यानाची तिची पदं वेगळी, चाली वेगळ्या, आणि मला सगळ्या पाठ होत्या.

"भरतभेट," मी गौतमीच्या कानात म्हटलं. "भरतभेट लावलीय तिनं."

"कुणी?"

मी पुढचं सांगू लागले. पेटी पुढं चालली होती. "भरत आजोळाहून आलाय. अयोध्येत चूल पेटलेली नाही. विचारतोय, माझा दादा कुठंय?"

गौतमीनं ते शेजारच्या मुलीला सांगितलं, तिनं पुढं सांगितलं. कुजबुज रांगेरांगेनं गेली. पेटी थांबली की मी सांगायची आणि ती जाजमावरून सरकत जायची. भरत निघालाय. माता बरोबर आहेत, सगळं नगर मागं आहे. रामाला परत आणायचंच. आता गंगेकाठी गुह नावेत वाट अडवून उभा आहे, त्याला वाटतंय हा रामाला मारायलाच आलाय. आता ओळखलं. आता दोघं रडतायत.

मग चाल एकदम उडती झाली. भरद्वाज मुनींचा आश्रम. एवढं सैन्य रानात उतरलंय आणि मुनी सगळ्यांची सरबराई करतायत, हत्तींना ऊस, घोड्यांना हरभरे, आणि माणसांची पक्वान्नं यमुना एका दमात मोजायची, ती संपेपर्यंत श्रोत्यांचाच श्वास अडकायचा. मी गौतमीला सांगायला वाकले. त्याआधीच पुढच्या रांगेत हशा पिकला. मला वाटलं, चालच तशी आहे, कुणालाही हसू येईल.

चित्रकूट आला तेव्हा मुकुंदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात तसेच चालत होते. मी बोलायची थांबले होते. आता पुढं काय आहे ते मला ठाऊक होतं. भरत म्हणतो, दादा, तू चल, नाहीतर मी इथंच राहतो तुझ्याजवळ. आणि राम नाही म्हणतो. राम आपल्या पादुका काढून त्याच्यापुढं ठेवतो आणि म्हणतो, तू परत जा.

पेटी तिथं थांबली. नुसता सूर. ती तिथं फार वेळ बोलायची, मला आठवत होतं. मुकुंदा मान कलती करून ऐकत होता. एकदा त्यानं नाही म्हणून मान हलवली. सूर तुटला नाही. दुसऱ्यांदा हलवली. मग भाता हळू झाला, आणि त्याच्या बोटांनी परतीची चाल धरली, संथ, पावलापावलाची, डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्याची.

"आत्या, काय झालं?" गौतमीनं विचारलं.

"भरत निघाला," मी म्हटलं. "घरी."

आरतीचा सूर आला तसे सगळे आपोआप उठले. कुलथ्यांच्या बायकोनं आरती म्हटली, तिचा आवाज चांगला होता. मी निरांजन ओवाळलं ते खडकाला आणि हाराला. मग मुकुंदानं भाता मिटला, पेटीला नमस्कार केला, उठला आणि उतारावरून पाण्याकडे चालू लागला.

गौतमी धावली. मी माझ्या गतीनं मागं. आम्ही पोचलो तोवर तो काठावर उभा होता. पाण्याची रेघ त्याच्या अंगठ्यांना लागत होती. गौतमीनं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचं मनगट धरलं.

"अक्का," तो मागं न बघता म्हणाला. "पादुका मिळाल्यावर भरत रडतो का गं? इतर कीर्तनकार त्याला फार रडवतात."

"यमुना नाही रडवायची."

"का?"

त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. "ती म्हणायची, त्याच्यामागं अख्खी अयोध्या रानात उघड्यावर पडलीय. त्यांना जेवू घालून घरी न्यायचंय त्याला. रडायला वेळ कुठाय?"

समोरच्या काठावर कुणीतरी दिवे लावले आणि गाणी सुरू झाली.

"मला वाटलं होतं, आपल्याबरोबर नेईल," तो म्हणाला. असं म्हणाला की गौतमी माझ्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागली. मग त्यानं धोतराचा सोगा सावरला आणि वळला. "पानं वाढलीत का? माणसं उपाशी बसलीत मागं."

त्या संध्याकाळी त्यानं वाढपाची बादली स्वतःच्या हातात घेतली. त्यानंतर तिन्हीसांजेला तो पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. त्या माळावर तो पुढं पुष्कळ वर्षं राहिला, आल्यागेल्याला दारापर्यंत पोचवत राहिला. ऐकू येतं का म्हणून मी त्याला कधी विचारलं नाही.

त्या रविवारी सकाळी धुकं विरत होतं. गाड्या निघायच्या तयारीत होत्या. कुलथे काठी टेकत चहाच्या टेबलापाशी आले.

"जागा उत्तम," ते म्हणाले. "पाणी गरम, उशी मऊ, पिठलं फर्मास. पुन्हा येणार. फक्त एक सांगू का? माइकचं तेवढं बघा."

"पेटी मागं पोचली नाही का?" गौतमीनं विचारलं.

"पेटी पोचली की. बाईंचं म्हणतोय मी. गाणं कळत होतं, बोललेलं मात्र निसटत होतं. पुढची पोरं हसायची आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो."

गौतमीनं कपांचा ट्रे टेबलावर टेकवला. "आत्या सांगत होती, ते का?"

"ह्या नव्हेत हो. ह्या तर माझ्यापुढंच बसल्या होत्या. त्या हार घातलेल्या, उभ्या होत्या त्या."

मुकुंदा किटलीतून चहा ओतत होता. त्याचा हात थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं, गौतमीनंही पाहिलं. त्यानं किटली सावकाश खाली ठेवली आणि कुलथ्यांच्या जवळ गेला, खेड्यात परगावच्या माणसाजवळ जातात तसा, आपल्या माणसाची खुशाली विचारायला.

"वाजवताना मला वर बघता येत नाही," तो म्हणाला. "बरी दिसत होती का हो?"

"हो, छान की," कुलथे म्हणाले. "शेवटी शेवटी जरा दमल्यासारख्या वाटल्या. पदरानं सारखा घाम टिपत होत्या."

"भरतभेटीला तिला दम लागतोच," मुकुंदा म्हणाला, आणि किटली उचलून त्यानं कुलथ्यांचा कप काठोकाठ भरला.